संविधानातले शब्द समजावणारं पुस्तक सुचवा (बजेट 300 रुपये)

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या गावात मी यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेय. शिक्षण बारावी. गेल्या मासिक सभेत सीआरझेडचा (किनाऱ्यावरच्या बांधकामांवरच्या निर्बंधांचा) विषय निघाला आणि एका काकांनी विचारलं, "हा अधिनियम की अधिसूचना? ठराव करून बदलता येईल का?" मला फरकच सांगता आला नाही, फार वाईट वाटलं. अनुच्छेद, अनुसूची, अध्यादेश, समवर्ती सूची हे शब्द नीट समजायला हवेत. बजेट 300 रुपये. मोबाइलवर वाचून डोळे दुखतात, छापीलच सांगा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी हवंय.

दापोलीकर
द्विभाषिक संविधान घ्या, कापडी बांधणीचं. मी 900 ला घेतलं, अकरा वर्षं वापरतोय, एक पान सुटलेलं नाही. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी. याला पर्याय नाही.

चिपळूण_अभ्यासिका
ताई, क्लासच्या नोट्सच्या नादी लागू नका. मी 1400 रुपये मोजले आणि त्यात संपत्तीचा हक्क अजून मूलभूत हक्कांत छापलेला! 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं तो तिथून काढला, आता तो अनुच्छेद 300क मध्ये आहे. एका मार्काला तेच आलं होतं. पुस्तक कुठलंही घ्या, आवृत्तीचं साल आधी बघा.

मंडणगडवाला
विधी मंत्रालयाच्या साइटवर मराठी संविधान फुकट आहे, पीडीएफ उतरवून घ्या. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. आमच्याकडे लहान पोरंही उद्देशिका पाठ म्हणतात.

खाडीकाठची
दादा, छापील हवंय म्हटलं होतं.

राजापूरची_गंगा
सरनाम्यापासून सुरुवात करा. आणि कलम 243 वाचा, पंचायतीचं आहे.

दापोलीकर
संविधानात कलम नसतं, अनुच्छेद असतो. कलम अधिनियमात. आणि सरनामा नव्हे, उद्देशिका.

राजापूरची_गंगा
चाळीस वर्षं पेपरात कलम 370 च वाचत आलोय. लोक जे बोलतात तोही शब्दच.

चिपळूण_अभ्यासिका
परीक्षेत अनुच्छेदच लिहा. हिंदी प्रतीवर जाऊ नका, तिथे पंथनिरपेक्ष आहे, मराठीत धर्मनिरपेक्ष. मूळ 1949 च्या मजकुरात तो शब्द नव्हताच, 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आला.

खलाशी_मालवण
माका पुस्तकाचा म्हायत नाय, मासळीचा म्हायत आसा. सातव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानाच्या शेवटाक जोडलेल्या यादयेत, तीन सूची. राज्य सूचीत मत्स्यव्यवसाय, 21 वी नोंद. संघ सूचीत 57 वी, राज्याच्या समुद्रापलीकडची मासेमारी. म्हणान 12 सागरी मैलांच्या आत राज्याचो 1981 चो कायदो, भायर केंद्राचा राज्य. पावसाळ्यातल्या बंदीचे हुकूम म्हणानच दोन येतत. समवर्ती म्हणजे दोघांकाय कायदो करूचो अधिकार, जसा शिक्षण. भांडाण झाला तर बहुतेक वेळा केंद्राचा चालता.

खाडीकाठची
हे एकदम डोक्यात बसलं! आमच्या घरीही होडी आहे.

निवृत्त_बाई
बाळ, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. संसदेनं 1986 साली पर्यावरण संरक्षणाचा अधिनियम, म्हणजे कायदा, केला. त्यातल्या अधिकारात केंद्र सरकारनं सीआरझेडची अधिसूचना काढली, पहिली 1991 ची, नंतर 2011, मग 2019. अधिनियम सभागृह करतं, अधिसूचना सरकार काढतं. ग्रामपंचायतीच्या ठरावानं दोन्ही बदलत नाहीत. ठरावानं मागणी मात्र करता येते, आणि करावीच. अध्यादेश वेगळा: अधिवेशन नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात, सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपतो.
अख्खं संविधान आत्ता नको. पंचायतींचा भाग 9 आणि अकरावी अनुसूची छापून घे. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय त्या अनुसूचीत आहेत. मत्स्यव्यवसाय पाचवा.

राजापूरची_गंगा
मी आधीच सांगितलं होतं 243 वाचा म्हणून.

चिपळूण_अभ्यासिका
शाळेची पुस्तकं तेवढी घेऊ नका, चार ओळींत विषय उरकतात.

खाडीकाठची
सगळ्यांचे आभार. काल शेजारच्या मुलीचं सातवीचं नागरिकशास्त्र मागून आणलं, दोन रात्रींत संपवलं. उद्देशिकेतला एकेक शब्द वेगळा सोडवून सांगितलाय. मला हेच हवं होतं, तेव्हा पुस्तक विकत घेत नाही. बाईंनी सांगितलेला भाग 9 तालुक्याला छापून घेतला आणि एक दोनशेपानी वही आणली. पहिल्या पानावर लिहिलंय: अधिनियम 1986, अधिसूचना 2019. मासळी दुसऱ्या पानावर.

दापोलीकर
तरीही द्विभाषिक प्रत हवीच. माझ्याकडे जुनी एक जास्तीची आहे, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पाठवतो.