दार लोंबलं म्हणून स्ट्रायकर खाली घेणं ही दुरुस्ती नाही

ह्यूस्टनकर:
१९८८ ते १९९८ मधल्या शेवरोलेच्या सी/के पिकअप ज्यांच्याकडे अजून चालू आहेत (माझी ९६ ची सी-१५००, दोन दारांची) त्यांच्यासाठी लिहितोय. ड्रायव्हरचं दार खाली बसलं की लोक पहिलं काम काय करतात तर दाराच्या मागच्या खांबावरचा स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्याला अडकतं तो खुंटा) सैल करून जरा खाली घेतात, दार लागायला लागतं आणि विषय संपला असं वाटतं. पण बिजागरीची झिजलेली पिन तशीच आणि तिच्याभोवतीचा बुश (पिन जिच्यात फिरते ती छोटी नळी) गेलेला तो गेलेलाच. मग पिन लोखंडावर लोखंड घासत बिजागरीचं भोक लांबट करते, आणि जे काम १५-२० डॉलरच्या पिन-बुशमध्ये भागलं असतं ते वेल्डिंगपर्यंत जातं.

तपासायचं कसं? दार अर्धं उघडा, मागचं टोक धरून वर उचला आणि दुसऱ्या कोणाला तरी बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीची दोन पानं (एक दाराकडचं, एक खांबाकडचं) एकमेकांत खेळताना दिसली तर पिन-बुश गेले. बिजागरी पुढच्या खांबाच्या पत्र्यासकट हलली तर दुखणं वेगळं आहे, तिथे पिना बदलून काही होणार नाही. माझं मत पक्कं आहे, आधी पिन-बुश, स्ट्रायकरला हात सगळ्यात शेवटी.

मिशिगनकर:
टेक्सासात बसून हे बोलणं सोपं आहे हो. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, पिन आणि बिजागरी गंजून एकजीव होतात. हातोडा मारमारून पिन निघत नाही आणि तेवढ्यात खांबाचा पत्रा वाकतो. एवढ्या जुन्या गाडीला बॉडी शॉपमध्ये नेऊन आख्खी बिजागरीच बदलून घ्यावी, एकदाच पैसे जातील.

ह्यूस्टनकर:
@मिशिगनकर, या गाडीची बिजागरी कंपनीतून दाराला पण आणि खांबाला पण वेल्ड करून येते, बोल्ट नाहीत. आख्खी बदलायची म्हणजे वेल्ड कापायचे, ग्राइंड करायचे, नवीन जागा जुळवायची. जरा चुकलं की दाराच्या चारही बाजूची फट बिघडते. गंजलेल्या पिनेला रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) आधी फिरवायचा प्रयत्न करा, नाहीच फिरली तर पानांच्या मधे ब्लेडने कापून तुकडे काढा. खांब सडलाच असेल तर मात्र तुमचं बरोबर, तिथे बॉडी शॉपच.

कोल्हापूर_लेथ:
दादा रेडीमेड पिन-बुशच्या किटमधले बुश पातळ असतात, भोक एकदा लंबगोल झालं की ते धरतच नाहीत, महिन्यात परत खडखड. आमच्याकडे जुन्या पिकअपचा कब्जा, म्हणजे बिजागरी, खोलून लेथवर आणतात, भोक रीमरने (भोक कोरून मापात आणायचं हत्यार) गोल करून गनमेटलचा बुश ठोकायचा आणि पिन मापाने टर्न करायची. तुम्ही तिकडे रेडीमेडच्या मागे का लागता तेच कळत नाही.

ह्यूस्टनकर:
कब्जा खोलता आला असता तर तुमचंच ऐकलं असतं भाऊ. इथे तो गाडीवरच आहे, त्यामुळे रीमर हातानेच, दार उतरवून, सरळ धरून चालवावा लागतो. आणि भोक मोठं झालेल्यांसाठी ओव्हरसाइज बुश पण मिळतात. खरी गोष्ट अशी की पिनेच्या डोक्याखाली दाते असतात, ते एका पानात घट्ट चावले पाहिजेत आणि पिन फक्त बुशमध्ये फिरली पाहिजे. दात्यांची पकड सुटली की पिन लोखंडात फिरते आणि तिथून भोक जायला लागतं. बुश कितीही जाड घाला, दाते धरत नसतील तर उपयोग नाही.

डॅलसवाली:
तुम्ही सगळे स्प्रिंगबद्दल कोणीच बोलत नाही आहात. एका बिजागरीवर जी जाड स्प्रिंग असते ती दाबलेल्या अवस्थेत असते, स्क्रू ड्रायव्हरने उचकटली की गोळीसारखी उडते. डोळ्याला चष्मा, स्प्रिंगवर फडकं आणि स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर हे नसेल तर घरी हातच लावू नका, मेकॅनिककडे द्या. आणि "स्प्रिंग काढून टाकली तरी चालतं" म्हणणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका. उघडं दार मग जागेवर थांबत नाही, उतारावर गाडी उभी असेल आणि पोरांची बोटं मधे असतील तर काय होतं याचा विचार करा.

ह्यूस्टनकर:
ताई, स्प्रिंगचं शंभर टक्के मान्य, मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. घरी करू नका हे मात्र मान्य नाही. कॉम्प्रेसर महाग नसतो. दाराखाली जॅक, वर लाकडाचा ठोकळा, आणि एका वेळी एकच पिन. दुसरी जागेवर असली की दार हलत नाही, वायरिंगवर ताण येत नाही.

मिशिगनकर:
जॅकवर दार, एका हातात हातोडा, एका हातात पिन, हे एकट्याचं काम नाहीच. माझं अजूनही तेच म्हणणं आहे, पण वेल्डचं मला माहीत नव्हतं. आधी खांब बघतो, पत्रा शाबूत असेल तर पिना मागवतो.

कोल्हापूर_लेथ:
मागवा, पण बुश ठोकताना थेट हातोडा नको, कड वाकते. लांब बोल्ट-नट-वॉशर लावून हळूहळू आवळत आत ओढा.