चढामागे पाच रुपये: मदतीसाठी सायकल हाणल्याचे अनुभव

पंक्चरपार्वती (ठाणे):
काल माळ्यावरून मखर काढताना पंक्चरचा डबा डोक्यात पडला. आत वाळून खडखडीत झालेलं सोल्यूशन आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं तिकीट. डिसेंबर 2017! शहापूरकडच्या पाड्यांवरून चालत शाळेत येणाऱ्या मुलींसाठी सायकली घ्यायच्या म्हणून आम्ही सात जण पाच दिवसांत ठाण्याहून गणपतीपुळ्याला गेलो होतो. बेलापूर, उरण, करंजाहून लाँचने रेवस, मग अलिबाग, मुरूड. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी.

लोक किलोमीटरमागे पैसे कबूल करत होते. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "मला किलोमीटर कळत नाही, चढामागे पाच रुपये देईन." त्यांना वाटलं किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट! कोकणात गाव खाली खाडीला, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, पलीकडे परत खाली गाव. बोटीतून उतरलं की चढ समोर उभाच. हँडलला पांढरी चिकटपट्टी लावून दर चढाला पेनाने रेघ मारत गेले. घामाने शाई पसरायची. दिवेआगर ते श्रीवर्धन मात्र रस्ता बराचसा समुद्राला खेटून. तिथे रेघा कमी आणि बडबड अजिबात नाही.

तुमचेही लिहा.

गिअर_अडकला:
चालत ढकलत नेलेले चढ धरले का? 😀

पंक्चरपार्वती:
धरले. जास्त घाम त्यातच.

डोंबिवलीकर:
आम्ही माळशेजवाले. कल्याण, मुरबाड, टोकावडे, घाट चढून ओतूर, जुन्नर. दोन दिवस. रक्तपेढीसाठी होतं. पावसाळ्यात करू नका, दगड येतात खाली. आम्ही केलं, आता सांगतोय शहाणपणा. बोगद्यापाशी भाजलेलं कणीस खाल्लं तेवढंच नीट आठवतंय. बाकी फक्त पुढच्याचं मडगार्ड.

खारघरची_सून:
पामबीचवर पहाटे पाचला सराव करून स्वतःला फार समजत होते. करंजाच्या लाँचमध्ये सायकल मासळीच्या पाट्यांना टेकवून ठेवली. एक मावशी ओरडल्या, "ए पोरी, सायकल तिकरं घे गं!" उशीर झाला होता. अलिबागला मुक्कामी रात्रभर सीटपाशी तीन मांजरं. तिसऱ्या दिवशीही कुत्री मागे.

उरणकर_१:
मावशी बरोबर होत्या 😂

नवखा_सायकलवाला:
अटल सेतूवरून जाता येईल का? ते 21.8 किमी सायकलवर म्हणजे स्वप्नच.

उरणकर_१:
नाही हो. मोटरसायकलीही बंद, सायकल कुठली सोडतात! जानेवारी 2024 ला उघडला तेव्हापासून हाच प्रश्न येतोय.

टेम्पोतली_वहिनी (कळवा):
सगळे सायकलवाल्यांचं लिहितात, मागच्या टेम्पोचं कोण लिहिणार? आमचे हे सायकलवर, मी टेम्पोत केळी, गूळ-शेंगदाणे आणि बर्फाची पेटी सांभाळत. दापोलीच्या अलीकडे एका मुलाचा गुडघा फुटला. जांभ्याची लाल माती जखमेत गेलेली, किती धुतली तरी पाणी लालच. रक्त कुठलं, माती कुठली, कळेना. तो विचारतो, "वहिनी, माझे किलोमीटर तर कापणार नाहीत ना?" कडक चहा पाजला आणि टेम्पोत बसवला. रडला थोडा. पैसे कोणी कापले नाहीत. आणि हो, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी करून न्या, बाटलीतली रंगीत पाणी नकोत.

डोंबिवलीकर:
वहिनी, साष्टांग.

रविवारचा_फेरा:
वडिलांची सायकल होती, काळी, दांडीची. ते गेल्यावर तीच घेऊन गेलो, येऊरच्या पुढे कधी गेली नव्हती ती. हरिहरेश्वरला चेन पडली, चढवता चढवता हात काळे. तसेच पुसले लुंगीला, म्हणजे बाबांच्या लुंगीला, सीटवर बांधलेली. बस एवढंच.

खारघरची_सून:
❤️

गिअर_अडकला:
पार्वतीताई, परत कसे आलात? सायकली गाडीत घेतात का?

पंक्चरपार्वती:
टेम्पोने. चाकं काढून, मध्ये गोधड्या घालून. तरी एकाचा ब्रेक वाकडा झालाच.

नवखा_सायकलवाला:
आणि आजींनी पैसे दिले का??

पंक्चरपार्वती:
पट्टी मागून घेतली, पुरावा म्हणून. चष्मा लावून, बोट ठेवून मोजल्या. 61. म्हणाल्या, "या दोन रेघा चिकटल्यात, त्या एकच धरते." तीनशे रुपये आणि वाटीभर डिंकाचे लाडू. मी दुसऱ्या दिवशी भांडायला गेले, तर म्हणे शाई पसरली तो माझा दोष नाही.

टेम्पोतली_वहिनी:
बरोबर आहे आजींचं. बरं, डिंक खारीक घालून होता की नुसता?