एचओ मॉडेल रेल्वे लेआउट, तीन ब्लॉक: रिकामा ब्लॉक ‘भरलेला’ दिसतो आणि सिग्नल लुकलुकतो

रूळप्रेमी_विश्रामबाग (सांगली)
८ फूट × ४ फूट प्लायवर एचओचा (१:८७ प्रमाणातला) अंडाकृती लेआउट आहे. नांद्रे, सांगली, विश्रामबाग अशी तीन स्टेशनं, तेच तीन ब्लॉक (गाडी आहे की नाही हे वेगळं ओळखायचे रुळाचे भाग). डीसीसी (रुळांतूनच वीज आणि आज्ञा देणारी डिजिटल पद्धत), ३ अँपिअरचा कमांड स्टेशन, रुळांवर साधारण १४ व्होल्ट. प्रत्येक ब्लॉकच्या एका रुळात ब्रिज रेक्टिफायर टाकलाय, त्याचे प्लस-मायनस एकत्र जोडलेत. एसीच्या दोन टोकांवर १०० ओहममधून पीसी ८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशानं ट्रान्झिस्टर चालू करणारी चिप), पुढे अर्डुइनो नॅनो. हाच ब्लॉकचा डिटेक्टर. पुल-अप (ऑप्टोचं आउटपुट एरवी ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) १० किलोओहम.

अडचणी अशा:
सांगलीचा ब्लॉक रिकामा असला तरी कायम भरलेला दाखवतो. याच ब्लॉकमध्ये सायडिंगचा पॉइंट (रूळ बदलणारा सांधा) आहे.
इंजिन ब्लॉकमध्ये असताना सिग्नल लाल-हिरवा लुकलुकतो.
इंजिन सोडून घेतलं की मागे उभ्या वाघिणी ओळखल्याच जात नाहीत.
शिवाय चार ॲस्पेक्टचा (चार संकेत दाखवणारा) सिग्नल लावायचाय. त्याचं वायरिंग आणि लॉजिक कसं ठेवावं?

रिले_सातारा
सिग्नलला आत्ता हात लावू नका. ओळख पक्की झाल्याशिवाय सिग्नल जोडला की चूक कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही.

सांगलीच्या ब्लॉकपासून सुरुवात करू. पॉइंटचा डीकोडर (आज्ञा वाचून पॉइंट हलवणारं सर्किट) कुठून वीज घेतो ते आधी पाहा. डिटेक्टरच्या पुढे, म्हणजे थेट रुळावरून घेत असेल तर तोच तुमची ‘गाडी’ आहे. डीकोडर स्वस्थ असतानाही काही मिलिअँपिअर ओढतो आणि डिटेक्टरला तेवढं पुष्कळ झालं. त्याच्या दोन्ही वायरी डिटेक्टरच्या आधी, मुख्य बसवर (कमांड स्टेशनपासून लेआउटखालून जाणाऱ्या मुख्य वायरींवर) न्या.

लुकलुकण्याचं कारण वेगळं आहे. डीसीसीमध्ये दर काही मायक्रोसेकंदांनी ध्रुवता उलटते. ‘१’ बिटाचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो. पीसी ८१७ मध्ये एकच एलईडी, त्यामुळे तो फक्त अर्ध्या वेळात पेटतो. अर्डुइनो कधी पेटलेला पाहतो, कधी विझलेला. ऑप्टोच्या आउटपुटवर, कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि पुल-अप ४७ किलोओहमचा करा. ट्रान्झिस्टर कपॅसिटर पटकन रिकामा करतो, पण ४७ किलोमधून तो भरायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढ्यात पुढचा ठोका येतो. मळक्या चाकांमुळे संपर्क जास्त वेळ तुटतो, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये ‘भरला’ लगेच मानायचा आणि ‘रिकामा’ मात्र सलग २ सेकंद गाडी न दिसल्यावरच.

वाघीण_कराड
वाघिणींबद्दल. साध्या वाघिणीच्या आसातून वीज जातच नाही, एक चाक इन्सुलेटेड असतं. त्या इन्सुलेशनच्या बुशवर १० किलोओहमचा ०८०५ एसएमडी रेझिस्टर चिकटवा आणि दोन्ही टोकांना कंडक्टिव्ह पेंटचा ठिपका द्या. १४ व्होल्टला एका आसातून १.४ मिलिअँपिअर जातो, उष्णता जेमतेम २० मिलिवॉट, काही बिघडत नाही. दोन्ही बोगींत एकेक असा आस ठेवा. पेंट वाळल्यावर प्रत्येक आस मीटरनं तपासा. पेंट बुशवरून पसरला तर थेट शॉर्ट होतो. तुमचा १० किलोचा पुल-अपही इथे आड येत होता: तो खाली ओढायला ऑप्टोला ०.५ मिलिअँपिअर द्यावा लागतो आणि इतक्या कमी प्रवाहावर तो देऊ शकत नाही.

आणखी एक. डिटेक्टर ब्लॉकच्या जवळ ठेवा. त्याच्यापुढच्या दोन वायरी लांब आणि एकमेकींना चिकटून गेल्या तर त्यांची कपॅसिटन्सच भार म्हणून दिसते. बस हवी तेवढी लांब चालेल.

रूळप्रेमी_विश्रामबाग (सांगली)
डीकोडर रुळावरच होता. बसवर हलवला, सांगली मोकळी झाली. लुकलुकणंही थांबलं. पण ४७ किलो लावल्यापासून पावसाच्या दिवशी विश्रामबागचा ब्लॉक अधूनमधून भरलेला दिसतो. फीडर (बसपासून रुळापर्यंतच्या वायरी) काढून, वाघिणी उचलून दोन रुळांमध्ये मोजलं तर १६ किलोओहम. खडी फेव्हिकॉल-पाण्यात बसवलेली आहे.

रिले_सातारा
मग ती खडीतून होणारी गळतीच. १४ भागिले १६ हजार, म्हणजे जवळपास ०.९ मिलिअँपिअर. वाळलेल्या ब्लॉकमध्ये मीटरनं मेगओहम दाखवायला हवा. रुळाला टेकलेली खडी बारीक ब्रशनं खाली सारा आणि ओल जाईल असं पाहा. त्याशिवाय ऑप्टोच्या १ आणि २ नंबरच्या पायांवर १ किलोओहम आडवा लावा. एलईडी पेटायला १.१-१.२ व्होल्ट लागतात, त्यामुळे पहिला १.१-१.२ मिलिअँपिअर या रेझिस्टरमधूनच निघून जाईल. गळती गाळली जाईल आणि दोन रेझिस्टर-आसांची वाघीण, जिचा प्रवाह २.८ मिलिअँपिअर, तरीही दिसेल. एकच आस असेल तर भरवसा नाही.

शेवटी प्रत्येक ब्लॉकमध्ये रुळांवर नाणं आडवं ठेवून पाहा. कमांड स्टेशन लगेच बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर फीडर बारीक आहे किंवा सोल्डर कच्चं आहे. बसला १.५ चौरस मिलिमीटर, फीडरला ०.५ पुरेत.

होमसिग्नल_मिरज
आता सिग्नल. चार ॲस्पेक्टचं लॉजिक: पुढचा ब्लॉक भरला की लाल, तो रिकामा पण त्यापुढचा भरला की पिवळा, दोन रिकामे, तिसरा भरला की डबल पिवळा, तिन्ही रिकामे असतील तरच हिरवा. यातून तुमची मोठी अडचण निघते. गोलात तीनच ब्लॉक असतील तर सिग्नलपुढचा तिसरा ब्लॉक म्हणजे तुमची गाडी जिथे उभी आहे तोच. ती स्वतःलाच अडवते, तिला डबल पिवळ्याच्या पुढे कधीच मिळणार नाही. एक गाडी हिरव्यावर चालवायची तरी चार ब्लॉक हवेत. साडेएकोणीस फुटांच्या आसपासचा गोल असेल तर जवळपास पाच फुटांचे चार ब्लॉक पाडा, नाहीतर तीन ॲस्पेक्टवर (लाल, पिवळा, हिरवा) थांबा. मी तीनच ॲस्पेक्ट ठेवायला सांगेन. छोट्या लेआउटवर ते जास्त खरं दिसतं.

खऱ्या ऑटोमॅटिक (ब्लॉकमधल्या गाडीनुसार आपोआप बदलणाऱ्या) सिग्नलपुढे १२० मीटर मोकळे धरतात. एचओमध्ये ते १३८ सेंटिमीटर होतात, म्हणजे चार ब्लॉक पाडले तर जवळपास सगळा ब्लॉकच. ते सोडून द्या.

वायरिंग: कॉमन ॲनोड ५ व्होल्टला, प्रत्येक कॅथोड आपल्या रेझिस्टरमधून यूएलएन २८०३ (आठ आउटपुटांची ड्रायव्हर चिप) च्या आउटपुटला. एका चिपवर चार दिव्यांचे दोन सिग्नल बसतात. ९ नंबरचा पाय अर्डुइनोच्या ग्राउंडला, १० नंबरचा मोकळा. रेझिस्टर कॉमनवर एकच लावू नका, डबल पिवळ्याला दोन दिवे एकत्र पेटले की दोघेही मंद होतात. लाल-पिवळ्याला ४७० ओहम, हिरव्याला १ किलो. नवे हिरवे एलईडी फार तेज असतात. चार दिव्यांच्या खांबावर दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा असतो, लाल सगळ्यात खाली.

चार ब्लॉक केलेत तर पाय मोजून घ्या. १६ दिवे आणि ४ डिटेक्टर मिळून २०. नॅनोवर डी२ ते डी१३ आणि ए० ते ए५ असे १८ मिळतात. उरलेले दोन डिटेक्टर ए६, ए७ वर द्या. तिथे डिजिटल रीड चालत नाही, ॲनालॉग रीडनं वाचा. त्या पायांना आतला पुल-अप नसतो, पण तुमचा ४७ किलो बाहेरच आहे, त्यामुळे अडचण नाही.

आणि स्टेशनचे होम (आत येण्याचा सिग्नल) आणि स्टार्टर (निघण्याचा) या लॉजिकवर आपोआप हिरवे करू नका. त्यांची मूळ स्थिती लाल, स्टेशन मास्तरनं बटण दाबल्यावरच ते उतरतात, म्हणजे गाडीला पुढे जायला देतात. ब्लॉक भरलेला असेल तर बटण दाबूनही उतरू नयेत, एवढी अट प्रोग्रॅममध्ये घाला. मूळ हिरवा फक्त ऑटोमॅटिक सिग्नलचा. त्याच्या खांबावर इंग्रजी ‘ए’ची पांढरी गोल पाटी लावा.