टॅबवरच्या चाचणीत १० पैकी ९, वहीत तेच गणित चुकतं: आकारिकची नोंद कशावरून करायची?

सहावी_ब
सहावीचा वर्ग, मराठी माध्यम, पट ३८. वर्गात एक स्मार्ट टीव्ही, सहा टॅब आणि शिक्षकाचा फोन, एवढीच सामग्री. दशांश अपूर्णांक हा घटक व्हिडिओ आणि टीव्हीवरचा स्थानिक किमतीचा तक्ता वापरून शिकवून झाला. मग सहा-सहा मुलं बसवून गूगल फॉर्मवर दहा बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घेतली. बहुतेकांना ८ ते १० गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी तसलीच उदाहरणं वहीत दिली, तर जवळजवळ निम्म्या वर्गाने ०.३ × ०.२ = ०.६ असं लिहिलं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आकारिकच्या (वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाच्या) नोंदीसाठी यातलं कोणतं काम खरं धरायचं? सहा टॅबवर ३८ मुलांची चाचणी घ्यायची योग्य पद्धत कोणती? आणि मुलं गटात पीपीटी करून आणतात, त्याला गुण कशावर द्यायचे?

स्थानिक_किंमत
मॅडम, आधी वेळेचा हिशेब मांडा. ३८ मुलं, सहा टॅब, म्हणजे सात फेऱ्या. पहिल्या फेरीतली मुलं बाहेर येताच प्रश्न वर्गभर होतात. पर्यायांचा क्रम बदलूनही उपयोग नाही, कारण मुलं "दुसरा पर्याय" असं सांगत नाहीत, "उत्तर शून्य पॉइंट शून्य सहा" असं सांगतात. त्यामुळे ते ८ ते १० गुण कोणत्या फेरीतल्या मुलांचे आहेत ते आधी बघा. फॉर्मच्या शीटमध्ये पहिलाच स्तंभ वेळेचा असतो. त्यानुसार ओळी लावल्या आणि गुण फेरीगणिक चढत गेलेले दिसले, तर ती चाचणी बाजूला ठेवा.

पण फुटलेली चाचणी हा अर्धाच भाग झाला. उरलेला दोष प्रश्नांत असतो. हा प्रश्न बघा:

सर्वांत मोठी संख्या कोणती? (अ) ०.६ (ब) ०.४५ (क) ०.३७५

ज्याला "अंक जास्त तेवढी संख्या मोठी" असं वाटतं तो ०.३७५ निवडेल आणि चुकेल. ती चूक दिसते. पण याच्या उलट समज असलेलीही मुलं असतात: दशांश चिन्हानंतर अंक वाढले की तुकडे बारीक होतात, म्हणून कमी अंकांची संख्या मोठी. असं मूल ०.६ निवडतं आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. उत्तर बरोबर, समज साफ चुकीची, आणि फॉर्ममध्ये हिरवी खूण. आता याच्या जोडीला दुसरा प्रश्न द्या:

सर्वांत मोठी संख्या कोणती? (अ) ०.३ (ब) ०.४५ (क) ०.३७५

इथे पहिल्या समजाचं मूल ०.३७५ म्हणेल, दुसऱ्या समजाचं ०.३, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तेच ०.४५ म्हणेल. निव्वळ अंदाजाने दोन्ही प्रश्न बरोबर येण्याची शक्यता नऊत एक उरते. तीच कल्पना तपासणारे असे तीन प्रश्न दिले की ती सत्तावीसात एक होते. म्हणून दहा वेगवेगळ्या प्रश्नांपेक्षा दोन कल्पनांवर तीन-तीन प्रश्न जास्त सांगून जातात.

गुणाकाराचंही तेच. ०.३ × ०.२ ला पर्याय देताना प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक चूक हवी: ०.६ (चिन्ह विसरून गुणाकार, मग सवयीने एक स्थळ), ०.५ (बेरीज केली), ६ (चिन्हच गळालं). पर्यायांत ०.०६ हा एकच आकडा वेगळा दिसत असेल, तर मुलं गणित न करता तोच उचलतात. ०.०५ किंवा ०.००६ असा एखादा तसाच दिसणारा पर्याय सोबत ठेवा. एवढं करूनही समोर दिसणारं उत्तर ओळखणं आणि कोऱ्या पानावर ते काढणं ही दोन वेगळी कामं राहतातच. दशांशाच्या गुणाकाराला मी वहीतलं कामच खरं धरेन. बहुपर्यायी चाचणी कोणाची कुठे गल्लत होते हे शोधायला वापरावी, गुण द्यायला नाही.

शिकवतानाची एक सवयही तपासून घ्या. ०.४५ चं वाचन "शून्य पॉइंट पंचेचाळीस" असं होत असेल, तर मुलाच्या डोक्यात पंचेचाळीस आणि सहा यांची तुलना सुरू होते. "शून्य दशांश चिन्ह चार पाच" असंच म्हणावं. रुपये-पैशांच्या उदाहरणातही २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे असं बरीच मुलं सांगतात. हा प्रश्न तोंडी विचारून बघा, अर्ध्या मिनिटात पुष्कळ कळतं.

पाटीवाला
सगळ्यांचं एकदम तपासायचं तर टॅब बाजूला ठेवा. दोन पद्धती आहेत.

बहुपर्यायी प्रश्नांसाठी प्लिकर्स या फोनवरच्या ॲपची कार्डं. प्रत्येक मुलाला क्रमांक असलेलं कागदी कार्ड, त्यावर काळी-पांढरी चौकोनी खूण. कार्डाची जी बाजू वर धराल ते उत्तर: ए, बी, सी किंवा डी. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की उत्तरं क्रमांकानुसार नोंदली जातात. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो, तुमच्या वर्गाला पुरेल. प्रत्येक कार्डाची खूण वेगळी आणि अक्षरं कडेला बारीक असल्याने शेजाऱ्याचं बघून धरता येत नाही. बिघडतं ते असं: चकचकीत लॅमिनेशन केलं तर खिडकीचा उजेड त्यावर परावर्तित होतो आणि कार्ड वाचलं जात नाही. साध्या कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं बरं. मुलांची बोटं काळ्या भागावर येतात, म्हणून कडेला धरायला शिकवा. आणि खिडकी मुलांच्या पाठीमागे असेल तर कार्डं कॅमेऱ्यात काळवंडतात, तुमची उभं राहण्याची बाजू बदला.

एक काळजी घ्या. निकालाचा आलेख लगेच टीव्हीवर दाखवू नका. मुलं जास्त उंचीचा खांब बघून मत बदलतात. आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं चर्चा, मग त्याच प्रश्नावर पुन्हा कार्डं, त्यानंतर आलेख.

उत्तर लिहून हवं असेल तर पाटी. टीव्हीवर ०.३ × ०.२, चाळीस सेकंद शांतता, लिहून झालं की पाटी पालथी, "दाखवा" म्हटल्यावर सगळ्यांच्या एकदम वर. पाटीच्या डाव्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहायला लावा आणि प्रत्येक रांगेचा फोनने एक फोटो घ्या. तीन-चार फोटोंत अख्ख्या वर्गाची नोंद झाली, सवडीने यादीत उतरवा. पाटी चेहऱ्यासमोर धरायला सांगा, म्हणजे फोटोत मुलं ओळखू येत नाहीत. हे फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकू नयेत. कोणाचं काय चुकलं ही त्या मुलाची खासगी गोष्ट आहे.

शीटमधून
फॉर्म वापरायचाच असेल तर सामायिक टॅबवर या सेटिंग बघा. बहुतेक गोंधळ इथूनच होतो.

"एकदाच उत्तर" ही मर्यादा बंद ठेवा. ती चालू केली की गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि टॅबवर एकच खातं असेल तर दुसऱ्या मुलाला फॉर्म उघडतच नाही. "आणखी एक उत्तर पाठवा" ही लिंक मात्र चालू हवी. ऑटोसेव्ह बंद करा. टॅब एखाद्या खात्याने लॉगिन असेल तर आधीच्या मुलाने अर्धवट सोडलेली उत्तरं पुढच्या मुलाला आयती दिसतात. क्विझच्या सेटिंगमध्ये "चुकलेले प्रश्न" आणि "बरोबर उत्तरं" या दोन्ही खुणा काढा, नाहीतर पहिली फेरी संपताच उत्तरपत्रिका वर्गात पोचते. फॉर्मची प्रत काढून आकडे बदललेला दुसरा संच करा आणि फेऱ्यांत आलटून पालटून वापरा.

नाव लिहायला लावू नका. एकच मूल तीन वेळा तीन तऱ्हेने नाव लिहितं. पहिला प्रश्न ड्रॉपडाउन, त्यात १ ते ३८ हजेरी क्रमांक.

लघुत्तरी प्रश्नाला आपोआप गुण देताना मराठीत खास अडचण येते. फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो. देवनागरी अंकांतलं ०.०६, इंग्रजी अंकांतलं तेच उत्तर, आणि आधीचं शून्य गाळून लिहिलेलं .०६ ही त्याच्या दृष्टीने तीन वेगळी उत्तरं. तिन्ही उत्तरसूचीत घाला. शब्दांत तर दिसायला सारखं आणि आतून वेगळं असंही होतं: "ॲ" हे एक अक्षर म्हणून टाइप होतं, तसंच "अ"वर अर्धचंद्र देऊनही होतं. "दुसऱ्या"मधला "ऱ्या" दोन प्रकारे उमटतो. म्हणून शब्दांतल्या उत्तरांना आपोआप मिळालेले गुण अंतिम धरू नका, प्रश्ननिहाय उत्तरांची यादी उघडून एकदा नजरेखालून घाला.

स्थानिक_किंमत यांनी दिलेल्या जोडप्रश्नांसाठी शीटमध्ये पिव्होट टेबल (दोन स्तंभांतली उत्तरं एकत्र मोजून दाखवणारा तक्ता) करा. ओळीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर, स्तंभात दुसऱ्याचं, आत हजेरी क्रमांकांची मोजणी. ०.६ ची ओळ आणि ०.३ चा स्तंभ जिथे भेटतात त्या चौकटीतली मुलं म्हणजे "कमी अंक तर मोठी संख्या" म्हणणारी. त्या चौकटीवर दोनदा क्लिक केलं की त्या मुलांच्या ओळी वेगळ्या पानावर उघडतात. सरासरी गुणांतून हे कधीच दिसत नाही.

सहावी_ब
जोडप्रश्नांची गोष्ट फार उपयोगी आहे. वेळेचा स्तंभ बघितला, शेवटच्या तीन फेऱ्यांत एकही ९ च्या खाली नाही. ती चाचणी बाजूला ठेवते. पीपीटीचं आणि नोंदवहीचं कोणी सांगेल का?

निकषपत्र
पीपीटीला गुण देताना रंग, अॅनिमेशन, चित्रांची संख्या हे निकष पूर्ण काढून टाका. घरी मोठी भावंडं आणि लॅपटॉप असलेल्या मुलांना त्यांचे गुण फुकट मिळतात. चार निकष पुरतात: गणित बरोबर आहे का, उदाहरण स्वतःचं आहे का, आकृती संकल्पना दाखवते का, आणि प्रश्नांना उत्तर देता येतं का. चौथ्याला बाकी तिघांच्या बेरजेइतकं वजन द्या.

सादरीकरणानंतर गटातल्या कोणत्याही एकाला, तुम्ही निवडलेल्या, दोन प्रश्न विचारा. एक: "ही आकृती काढून टाकली तर काय समजणार नाही?" दुसरा आकडा बदलून: "इथे ०.२ च्या जागी ०.०२ असतं तर?" नेटवरून किंवा एआयकडून आणलेली स्लाइड दुसऱ्या प्रश्नावर अडते. काम शाळेतच गूगल स्लाइड्सवर होत असेल तर व्हर्जन हिस्टरी (कधी काय बदललं याची नोंद) उघडून बघा. अख्खी पीपीटी दोन मिनिटांत एकदम चिकटवलेली असेल तर तिथे कळतं.

जिओजेब्रासारख्या, पडद्यावर आकृत्या रचण्याच्या साधनात हे आणखी सोपं आहे. पुढच्या वर्गांत त्रिकोणाचं परिकेंद्र (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचं केंद्र) काढायला दिलं, तर मुलाला एक शिरोबिंदू ओढायला सांगा. लंबदुभाजक रचून काढलेलं वर्तुळ तिन्ही बिंदूंतून जातच राहतं आणि विशालकोन झाला की केंद्र त्रिकोणाबाहेर सरकतं. डोळ्याने जुळवून काढलेलं वर्तुळ लगेच सुटतं. टीव्हीवरच्या दशांश तक्त्याबाबतही असाच विचार करा: मूल ठोकळे सरकवतं एवढ्यावर नोंद नको. सरकवण्याआधी "आता कोणती संख्या होईल?" हे विचारून उत्तर लिहून घ्या, मग सरकवू द्या.

आता नोंदवही. २०१० च्या शासन निर्णयातल्या योजनेत सहावीला आकारिक ५० आणि संकलित (सत्राच्या शेवटचं मूल्यमापन) ५० असा भारांश आहे, आणि आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, लेखी चाचणी, स्वाध्याय अशी वेगवेगळी तंत्रं आहेत. टॅबवर झालं म्हणून ते उपक्रमात जात नाही. फॉर्मवरची चाचणी ही चाचणीच. पाटीवरचं वर्गकार्य स्वाध्यायाच्या रकान्यात, पीपीटीवरची प्रश्नोत्तरं तोंडी कामात. वर्णनात्मक नोंदीत साधनाचं नाव लिहून काही कळत नाही, "टॅबचा उत्तम वापर करतो" हे गणिताबद्दल काहीच सांगत नाही. नोंद अशी हवी: "०.३ व ०.४५ यांत ०.३ मोठा मानतो. ०.३० असं लिहून दिल्यास तुलना बरोबर करतो. गुणाकारात दशांश स्थळांची बेरीज करत नाही." पुढच्या वर्गाच्या शिक्षकालाही ती वाचून सुरुवात कुठून करायची ते ठरवता येतं.

फेरशिकवणी झाल्यावर आठवड्याभराने आकडे बदलून तोच जोडप्रश्न पाटीवर घ्या, ०.७, ०.६५ आणि ०.६२५, मग ०.५, ०.६५ आणि ०.६२५. नोंदीत आधीची तारीख आणि ही तारीख, दोन्ही ठेवा.