'बिनतारी वीज' म्हणायचं की आणखी काही?

रंकाळ्याचा वारा: भाचीच्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टचा मराठी सारांश लिहितोय. अंगावर घालायच्या, आत बॅटरी नसलेल्या उपकरणांना तारेशिवाय वीज पुरवणं हा विषय. मी 'बिनतारी विद्युत पारेषण' लिहिलं. भाची म्हणते, "मामा, हे वाचून महापारेषणचे मनोरे डोळ्यांसमोर येतात." चुकलं का?

जुनी मास्तरीण: भाचीचं बरोबर आहे. पारेषण म्हणजे उच्च दाबाने लांबवर नेणं. इथं अंतर बहुधा बोटभरही नाही. 'वहन'ही नको, ते तारेतून होतं. शाळेच्या पुस्तकातलं 'प्रवर्तन' घ्या: एका वेटोळ्यातला प्रवाह बदलत राहिला की शेजारच्या वेटोळ्यात वीज उपजते. फॅरेडेने १८३१ सालीच दाखवलंय.

उद्यमनगर: माझा आक्षेप 'बिनतारी'वरच हाय. आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. चार्जिंगच्या पॅडात बी कॉइल (बाईंचं वेटोळं), स्मार्ट घड्याळात बी कॉइल. तार दोन्हीकडं हाय, फकस्त मधी न्हाई. 'बिनजोड वीज' म्हणा की राव!

मंगळवारपेठी: 😂 तालमीत बिनजोड म्हणजे ज्याला जोडच मिळत नाही असा पैलवान.

जुनी मास्तरीण: शिवाय अर्थ पार उलटा होतो. दोन्ही कॉइल एकाच वारंवारितेला जुळवल्या तर जास्त अंतरावरूनही काम भागतं. २००७ साली एमआयटीत सुमारे दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा असाच पेटवला होता. म्हणजे जोड हवीच, तीही तोडीस तोड! दोन कॉइलच्या अशा जुळण्याला, म्हणजे 'कपलिंग'ला, पुस्तकी शब्द 'युग्मन' आहे, पण मी 'जोड'च लिहीन.

रंकाळ्याचा वारा: घेतला. 'वेअरेबल'ला 'परिधेय' नको वाटतं. 'लेणं' कसं?

उद्यमनगर: गुजरीत, सोनारांच्या पेठेत शोभंल. पर हुपरीच्या चांदीचा सलग पत्रा कॉइलवर आला तर वीज त्यातच गरगर फिरून जिरंल. 'अंगावरचं' म्हणा, सरळ.

रंकाळ्याचा वारा: आणि बॅटरी नसलेलं? 'बिनबॅटरीचं' लिहिलंय.

मंगळवारपेठी: चावीचं घड्याळपण बिनबॅटरीचंच की. इथं मुद्दा वेगळा आहे. मशीनला टेकवायचं बँकेचं कार्ड बघा, मशीनचं चुंबकीय क्षेत्रच त्यातल्या चिपला वीज देतं. किणी टोलनाक्यावरचा फास्टॅगही तसाच. 'उसन्या विजेवर चालणारं' म्हणा.

जुनी मास्तरीण: छान आहे, पण उसनं म्हटलं की परत करावं लागतं. साखर असो नाहीतर पैसे. न फेडायचं ते उसनं कसलं?

मंगळवारपेठी: बाई, फास्टॅग फेडतो की! स्वतःची लहर तो पाठवत नाही, नाक्याच्या अँटेनाकडून आलेलीच थोडी बदलून माघारी धाडतो. त्यातूनच त्याचा नंबर कळतो.

जुनी मास्तरीण: मग फास्टॅगपुरतं 'उसनं' मान्य. पॅडावरचं स्मार्ट घड्याळ मात्र सगळं गिळून बसतं, त्याला दुसरा शब्द शोधा.