मारोझान जर्मनीला कमी पडली, की जर्मनी तिला?

सहानंबरी (मूळ धागा)

जर्मन महिला फुटबॉल संघाची मिडफिल्डर जेनिफर मारोझानने एप्रिल २०२३मध्ये न्यूरेम्बर्गला ब्राझीलविरुद्ध शेवटचा सामना खेळून जर्मनीची जर्सी उतरवली. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: "क्लबकडून राणी, देशाकडून गायब." वरवर पटतंही. फ्रँकफुर्ट क्लबसोबत २०१५ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा), मग फ्रान्सच्या ल्योंकडून २०१७ ते २०२० सलग चार. २०१८च्या बॅलन डी'ओरमध्ये, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, तिसरी. २०१७, १८, १९ अशी सलग तीन वर्षं जर्मनीची सर्वोत्तम खेळाडू. आणि देशाकडून? २०१६च्या रिओ ऑलिम्पिकचं सुवर्ण सोडलं तर लोकांना पटकन काही आठवत नाही.

माझं म्हणणं असं की मारोझान दोन्हीकडे तीच होती, फरक तिच्या पुढे धावणाऱ्या माणसांत होता. ल्योंचं ४-३-३ आठवा (चौघी बचावात, तिघी मिडफिल्डमध्ये, तिघी पुढे). उजवीकडे विंगर व्हान डे झांडन किंवा कास्कारिनो टचलाइनला (मैदानाच्या कडेच्या रेषेला) चिकटून, मागून फुलबॅक ब्रॉन्झ चढणार, मध्ये स्ट्रायकर हेगरबर्ग. विंगर रुंद राहिली की समोरच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) तिच्याकडे जावंच लागतं. फुलबॅक आणि सेंटरबॅकमध्ये (मधल्या बचावपटूमध्ये) चार-पाच मीटरची फट पडते, आणि त्या फटीतून बॉल सरकवण्यात मारोझानचा हात (पाय म्हणा) कुणी धरू शकत नव्हतं.

आता २०१७चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. कोच स्टेफी जोन्सने डायमंड लावला: एक मिडफिल्डर तळाशी, दोन बाजूंना, मारोझान टोकाला. विंगर नाहीतच. रुंदी फक्त फुलबॅकनी द्यायची. प्रतिस्पर्ध्याने दोन मिडफिल्डर आणि दोन सेंटरबॅक एकमेकांजवळ उभे केले की टोकावरची खेळाडू सांडशीत सापडते. बॉल मिळतो तो गोलकडे पाठ असताना. मग ती बॉल मागायला खाली येते, आणि पुढच्या दोघी स्ट्रायकर एकट्या पडतात. हा दोष मांडणीचा आहे.

ऑफसाइड_आजोबा

मांडणीच्या नावाखाली फार काही झाकलं जातं. त्या युरोत ती कॅप्टन होती. जर्मनीने चार सामन्यांत पाच गोल केले, त्यातले तीन पेनल्टीवर, एक तिचाच रशियाविरुद्ध. उपांत्यपूर्व फेरीत डेन्मार्कविरुद्ध तिसऱ्या मिनिटाला पुढे गेले, तोही गोलकीपरच्या हातून सुटलेला बॉल. पुढे डेन्मार्कच्या नादिमने ४९व्या आणि निल्सनने ८३व्या मिनिटाला परतफेड केली आणि जर्मनी बाहेर. सामना पावसामुळे एक दिवस पुढे ढकललेला, म्हणजे विश्रांतीही मिळालेली. मोठ्या खेळाडूने अशा वेळी वाईट मांडणीतूनही वाट काढायची असते. व्यवस्था चांगली असताना कोणीही चमकतं.

कटबॅक

आजोबा, "कोणीही" जरा जास्त झालं. रिओची फायनल काढा, १९ ऑगस्ट २०१६, मारकाना. ४८व्या मिनिटाला तिने बॉक्सच्या कडेवरून उजव्या पायाने वरच्या कोपऱ्यात वळवलेला गोल. ६२व्या मिनिटाला तिची फ्री किक पोस्टला लागून परतली आणि स्वीडनच्या सेंब्रांटला आदळून आत गेली. नोंदीत तो स्वयंगोल आहे. ११० हून जास्त सामने आणि ३३ गोल एवढंच बघणाऱ्यांना हा गोल दिसणारच नाही. स्वीडनचा त्या दिवसाचा बचाव काही ढिला नव्हता. अमेरिका आणि ब्राझील दोघींना पेनल्टी शूटआउटपर्यंत खेचून ते आले होते.

आणि २०१३च्या युरोत उपांत्य फेरी, पुन्हा स्वीडन, त्यांच्याच गोथेनबर्गमध्ये: १-०, गोल मारोझानचा. "गायब" म्हणायला वाव कुठे आहे?

डावी_बाजू

दोघेही बॉल पायात असतानाचंच बोलताय. बॉल नसताना काय, ते कोणीच काढलं नाही. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

प्रेसिंगमध्ये, म्हणजे बॉल हिसकावायला प्रतिस्पर्ध्यावर धावून जाताना, नंबर टेनचं (मारोझानसारख्या, स्ट्रायकरमागच्या मिडफिल्डरचं) काम सोपं दिसतं, पण असतं किचकट. स्ट्रायकर सेंटरबॅकवर धावली की दहा नंबरने समोरच्या सहा नंबरला (बचावापुढच्या मिडफिल्डरला) आपल्या सावलीत ठेवायचं, म्हणजे तिच्याकडे सरळ पास जाऊ द्यायचा नाही. दोन पावलं उशीर झाला की सहा नंबर बॉल घेऊन वळते आणि एका पासमध्ये अख्खी मिडफिल्ड मागे टाकली जाते. मारोझान ही दोन पावलं नेहमी वेळेवर टाकायची असं तिचे चाहतेही म्हणणार नाहीत. ल्योंमध्ये ते खपायचं, कारण मागे बचावात्मक मिडफिल्डर कुमागाई झाडू मारायला होती आणि बहुतेक सामन्यांत बॉल ल्योंकडेच असायचा.

२०२२चा युरो बघा. एप्रिलमध्ये सर्बियाविरुद्ध मारोझानच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ती स्पर्धेला मुकली. ओबरडॉर्फ, डेब्रिट्झ, मागुल या तिघींनी मिडफिल्डमध्ये रान उठवलं आणि जर्मनी वेम्बलीत फायनलला गेली. इंग्लंडकडून जादा वेळेत २-१ हरली, पण २०१६ नंतरची त्यांची सर्वांत चांगली स्पर्धा तीच. ती मारोझानशिवाय झाली, याला योगायोग म्हणवत नाही.

सहानंबरी

मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. त्या संघात स्ट्रायकर पॉप सहा गोल करून बसली होती, तीही फायनलच्या वॉर्मअपमध्ये जायबंदी झाली. वर्षभराने, २०२३च्या वर्ल्डकपमध्ये जवळपास तोच संघ गटातच गारद! कोलंबियाकडून हरले, दक्षिण कोरियाशी १-१. बचाव खाली बसल्यावर पॉपच्या डोक्यावर क्रॉस टाकण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. प्रेसिंगने बॉल मिळतो हो, पण दहा जणी बॉक्ससमोर उभ्या असतील तर पुढे काय करायचं?

हळद_पट्टी

दुखापतींचा हिशेब कोणीच मांडला नाही, म्हणून थोडक्यात. जुलै २०१८मध्ये तिच्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी निघाली. अशा आजारात रक्त पातळ करणारी औषधं साधारणपणे किमान तीन महिने चालतात, आणि ती चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ बंद असतो. साधा मुका मार लागला तरी आत रक्तस्राव लवकर थांबत नाही. पळायची परवानगी मिळाली तरी टॅकलची मिळत नाही. त्यामुळे फिटनेस येतो, सामन्याची धार उशिरा येते. ती शरद ऋतूत परतली आणि मे २०१९मध्ये चॅम्पियन्स लीग फायनलच्या पाचव्याच मिनिटाला बार्सिलोनावर गोल केला. तोही बुडापेस्टमध्ये, म्हणजे जन्मगावी.

महिन्याभरात वर्ल्डकप. पहिल्याच सामन्यात चीनविरुद्ध पायाचं बोट मोडलं. बोटच तर आहे असं वाटतं, पण वळताना आणि बॉल मारताना सगळा जोर पंजाच्या पुढच्या भागावर येतो, आणि घट्ट बूट वरून दाबतो तो वेगळाच. ती परतली ती थेट उपांत्यपूर्व फेरीत, मध्यंतरानंतर बदली म्हणून. ४८व्या मिनिटाला ब्लॅकस्टेनियसने गोल केला आणि स्वीडन २-१ जिंकलं. त्या पराभवाने जर्मनीचं टोकियो ऑलिम्पिकही गेलं. म्हणजे २०१७ नंतर पूर्ण तंदुरुस्त मारोझान जर्मनीला एकाही मोठ्या स्पर्धेत पूर्ण मिळाली नाही. मग "देशाकडून कमी पडली" हे ठरवायचं कशावरून?

थ्रो_इन

अवांतर: आडनावातला 'झ' झाडातला नाही, 'मेझर' म्हणताना जीभ जिथे जाते तो. आणि नावाच्या सुरुवातीचा डीझेडएस बघून घाबरू नका, हंगेरियनमध्ये तो साधा 'ज'. वडील हंगेरीचे फुटबॉलपटू, ते झारब्रुकेनला आले आणि मुलगी तिथेच १४ वर्षं ७ महिन्यांची असताना बुंडेसलिगात (जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये) उतरली. चालू द्या.

ऑफसाइड_आजोबा

हळद_पट्टी यांचा प्रतिसाद वाचून २०१९ मी मागे घेतो. २०१७ मागे घेणार नाही. तेव्हा ती तंदुरुस्त होती, कॅप्टन होती, तिशीही गाठली नव्हती. डायमंड चालत नाही हे इटलीविरुद्धच दिसलं होतं. कॅप्टनने कोचला सांगून किंवा न सांगता डावीकडे सरकून खेळायला काय हरकत होती?

कटबॅक

डावीकडे सरकली असती तर टोकाला कोण उभं राहणार होतं, ते नाव सांगा. मग पुढे बोलू.