लंडन ट्यूब (भुयारी रेल्वे): हीथ्रो ते वेम्बली पार्क, सोबत आई आणि मुलं

प्रश्न (पाटी_पेन्सिल): ऑगस्टमध्ये पाच दिवस लंडन, गुरुवारी टर्मिनल २ वर उतरणार, मुक्काम वेम्बली पार्कला. आम्ही दोघं, आई (जिने चढवत नाहीत), मुलं ९ आणि १३ वर्षांची. ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) घ्यावं की इथलं क्रेडिट कार्ड चालेल? आईला कोणत्या मार्गानं नेणं बरं?

रुळावरून: भाडं दोन्हींना सारखंच, पण ऑयस्टर कार्डाची किंमत परत मिळत नाही. मोठ्यांनी बँकेचंच कार्ड वापरा. व्हिसा, मास्टरकार्ड चालतं. रुपेच्या भरवशावर राहू नका. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि काँटॅक्टलेस, दोन्ही व्यवहार चालू करा.

माणशी एक कार्ड लागतंच. आणि आत जाताना फोन टेकवला असेल तर बाहेर पडतानाही फोनच टेकवा. फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी यंत्राला ते वेगळं दिसतं. मग दोन अर्धवट प्रवास धरले जातात आणि दोन्हींचं कमाल भाडं कापलं जातं. पाहुण्यांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच जातात.

धाकट्याला तुमच्याबरोबर फुकट, रुंद गेटमधून न्या. थोरल्यासाठी मात्र ऑयस्टर घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या: १४ दिवस निम्मं भाडं.

ज्युबिलीकर: आईंसाठी एलिझाबेथ लाइननं बाँड स्ट्रीट, तिथून ज्युबिली लाइननं वेम्बली पार्क. सगळीकडे लिफ्ट आहे, एलिझाबेथच्या गाडीत एसी आहे. पिकॅडिली लाइननं ग्रीन पार्कला बदलणं स्वस्त पडतं, तिथेही लिफ्ट आहे, पण गाडी बदलताना चालणं बरंच आणि पिकॅडिलीच्या जुन्या गाड्यांत एसी नाही. फक्त हीथ्रो एक्स्प्रेसमध्ये चुकून चढू नका. विमानतळावर फलाट तोच असतो, भाडं मात्र कितीतरी जास्त.

ज्युबिलीचा बोर्ड वाचूनच चढा. काही गाड्या वेम्बली पार्कच्या अलीकडे विल्सडन ग्रीनलाच संपतात. तशी मिळाली तर बाहेर न पडता स्टॅनमोरची पुढची धरा. शहरात जाताना मेट्रोपॉलिटन म्हणजे आपली फास्ट लोकल: वेम्बली पार्कनंतर थेट फिंचली रोड. ज्युबिली ही स्लो.

नकाशावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह असेल तर रस्त्यापासून गाडीपर्यंत पायरी नाही. पांढरं असेल तर फलाटापर्यंतच. गाडीत चढताना पायरी किंवा फट असू शकते. कॉव्हेंट गार्डन स्टेशन टाळा, सरकता जिना नाही; एकतर लिफ्ट, नाहीतर १९३ पायऱ्या.

पाटी_पेन्सिल: आभार! दिवसाचा पास काढू का?

रुळावरून: नको. दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा गाठली की पुढचे पैसे कापणं आपोआप थांबतं, पण कार्ड टेकवत राहायचं. आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात, त्यामुळे गुरुवारी उतरून तिचा फायदा धरू नका.